भाच्याला बाद देणारा पंच

माझ्या नवऱ्याला कबड्डीच्या मैदानावर जितक्या शिव्या पडल्या असतील, तितक्या आमच्या तालुक्यातल्या एखाद्या पुढाऱ्यालाही पडल्या नसतील. त्यातल्या बहुतेक मी माझ्या कानांनी ऐकल्या आहेत. सामना कॉलेजचा असो नाहीतर जत्रेतला, मी बघायला जातेच. नवरा पंच म्हणून उभा आहे म्हणून नव्हे, मला खेळ आवडतो म्हणून. शाळेत असताना मी डाव्या कोपऱ्यावर खेळायचे. लग्न झालं आणि खेळायचं बंद झालं, बघायचं मात्र कुणाच्या बापाला बंद करता आलं नाही. सासूबाईंनी सुरुवातीला बरीच नाकं मुरडली. मग त्यांनाही सवय झाली.

हे गावातल्या शाळेत खेळाचे सर. पंचाची परीक्षा पास झालेले. घरी साधा, गरीब माणूस. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवून उठणारा. मैदानात पांढरा शर्ट घालून रेषेवर उभा राहिला की मात्र हाच माणूस मला परका वाटायचा. मान ताठ, ओठ घट्ट, नजर खेळाडूंच्या पायावर. लोक ओरडायचे, "सर, चष्मा बदला!" "सर, किती पेट्या पोचल्या?" आणि आईवरून जे काही ओरडायचे ते इथं लिहिता येत नाही. सुरुवातीला माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तर मी शेजारच्या बाईशी भांडून उठले होते. घरी आल्यावर हे म्हणाले, "आगं, शिव्या आल्या न्हाईत तर पंचाला कळंल कसं की लोक खेळ बघायलेत?" तेव्हापासून मी शिव्या मनावर घेणं सोडलं. खरं सांगायचं तर निकाल चुकला की मीही द्यायचे, मनातल्या मनात.

यांच्या स्वभावातली एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. आपल्या माणसाच्या बाबतीत हे दुप्पट कडक व्हायचे. शाळेत आमचा मुलगा यांच्याच तासाला होता तोवर त्याला एकदाही कप्तान केलं नाही. गोळाफेकीत पोरगा पहिला आला तरी "पुन्हा फेक, पाय बाहेर गेलता," म्हणून पुन्हा फेकायला लावलं आणि तो दुसरा आला. गावात याचं फार कौतुक. सर म्हणजे सोन्यासारखा माणूस, पोटच्या पोराला पण सोडत नाहीत. पोटच्या पोराला हे कसं लागतं ते कुणी विचारत नसे. तो पुढं शिकायला पुण्याला गेला आणि खेळाचं नाव त्यानं परत काढलं नाही.

मग भाचा आमच्याकडं राहायला आला. नणंदेचं सासर दिंद्रुडचं. तिकडं तिच्या नवऱ्याचं टायर-पंक्चरचं दुकान. पोरगं दहावीनंतर आमच्या गावच्या कॉलेजात घातलं, कारण इथं मामा खेळाचे सर आणि कॉलेजचा संघ जिल्ह्यात नाव असलेला. पोरगं काटकुळं, लांब हातांचं, बोलायला लाजणारं. मी त्याला पहिल्यांदा चढाई करताना बघितलं आणि हातातली शेंगांची पुडी तशीच राहिली. समोरचे सातजण आणि हा एकटा, पण घाई कसली ती नाही. दम घुमवत कोपऱ्यापर्यंत जायचा, मागं वळल्यासारखं करायचा आणि वळता वळता पाय लांबवून एकाला शिवून यायचा. बायका म्हणायच्या, "सरांच्या बायकोचा भाचा आला बरं का!" त्यांचा भाचा आणि माझा काय, माझ्या हातचं खाऊनच वाढत होता. संघाच्या सगळ्या बनियनांवर नंबर मीच शिवायचे. त्याचा नंबर शिवताना दोरा दुहेरी घ्यायचे.

त्याचं शेवटचं वर्ष आलं तेव्हाची ही गोष्ट. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढं मोठ्या स्पर्धेत खेळायला मिळणार होतं, आणि ते प्रमाणपत्र हातात असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागांतून अर्ज करता येणार होता. कॉलेज संपलं की पुढच्या वर्षी त्याला खेळता येणार नव्हतं. नुसत्या धावण्याच्या जोरावर भरतीत लागणं किती अवघड आहे ते आमच्याकडं लहान पोराला पण माहीत आहे. सकाळी कुठल्याही रस्त्यानं जा, पोरं पळतच असतात, केजच्या रस्त्यानं, बीडच्या रस्त्यानं, तळ्याच्या भिंतीवरून. त्यातली लागतात किती आणि नुसती पळून पळून लग्नाच्या वयाची होतात किती, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. भाचा पण दोन वेळा भरतीला जाऊन आला होता. दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. आता हा एकच रस्ता उरला होता.

त्या साली विभागाचे सामने आमच्याच कॉलेजच्या मैदानावर ठेवले होते. अंतिम सामना आमचं कॉलेज आणि शहरातलं एक मोठं कॉलेज यांच्यात. निवड समितीची माणसं मांडवात खुर्च्या टाकून बसलेली. सगळ्या गावाला माहीत होतं, जो संघ जिंकेल त्यातली चार-पाच पोरं पुढं जाणार. हरलेल्या संघातलं एखादंच पोरगं घेतात, आणि ते एखादं कोण असतं ते आधीच ठरलेलं असतं.

यांनी आधीच आयोजकांना सांगून टाकलं होतं, भाचा खेळतोय, या सामन्याला मी पंच म्हणून उभा राहणार नाही. मला हायसं वाटलं. कधी नव्हे ते हे प्रेक्षकांत बसले, लिंबाखाली, हाताची घडी घालून. मी कॉलेजच्या वरच्या गॅलरीत बायकांच्या घोळक्यात. तिथून मैदान असं दिसतं की जणू ताटात वाढलंय. मैदानाची एका बाजूची रेषा तर बरोबर गॅलरीच्या खालून जाते. आमच्याकडं अजून मातीचंच मैदान. मॅट शहरात. सकाळीच पाणी मारून, धुमसानं माती ठोकून, दोरी लावून चुन्याच्या फक्कीनं रेषा आखलेल्या होत्या.

सामना सुरू व्हायची वेळ झाली तरी सुरू होईना. खाली माणसं गोळा झालेली. थोड्या वेळानं कळलं, बाजूच्या रेषेवर उभा राहणारा एक पंच येताना नांदूरघाटाजवळ गाडीवरून घसरला, दवाखान्यात आहे. जास्तीचा पंच नाही. आमच्याकडं अशा वेळी एक रीत आहे. दोन्ही संघ मिळून प्रेक्षकांतला एखादा जाणता माणूस निवडतात, त्याला मैदानाच्या मधे बोलावतात, दोन्ही कप्तान त्याच्या पाया पडतात. एकदा पाया पडलं की मग त्याच्या निकालावर कुणी तक्रार करायची नाही.

दोन-तीन नावं निघाली, कुणाला एक पटेना, कुणाला दुसरं. तेवढ्यात शहरातल्या संघाचे प्रशिक्षक पुढं झाले आणि त्यांनी सरळ लिंबाकडं हात केला. मोठ्यानं म्हणाले, "सर हायत की इथंच. त्यांचा भाचा खेळतोय हे आमाला म्हाईत हाय. आमची हरकत न्हाई. सरांवर आमचा इश्वास हाय."

सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. केवढं मोठं मन म्हणून त्या प्रशिक्षकाचं कौतुक चाललं. मी मात्र टाळी वाजवली नाही. तो माणूस वर्षानुवर्षं पोरांना घेऊन आमच्याकडं येत होता. त्याला माझा नवरा पुरता ठाऊक होता. मी गॅलरीतून वाकून ओरडले, "आवं, नगा उभं राहू!" बायका हसल्या. खाली कुणाला ऐकू गेलं असेल नसेल. यांनी वर बघितलं नाही. दोन्ही कप्तान पाया पडले. आमचा कप्तान म्हणजे भाचाच. मामाच्या पाया पडून तो उठला तेव्हा खुशीत दिसला. पोराला वाटलं, मामा आहे, निदान वाईट तरी होणार नाही.

हे येऊन उभे राहिले ते गॅलरीखालच्या रेषेवर, माझ्या बरोबर खाली. यांचं टक्कल पडत चाललेलं डोकं मला वरून दिसत होतं.

पहिल्या डावातच मला कळायचं ते कळलं. भाच्यानं एकाला शिवलं, तो पोरगा स्वतः हात वर करून बाहेर निघाला आणि यांनी त्याला थांबवलं. शिवलेलं नाही म्हणे. अरे, शिवलेला माणूस स्वतः चाललाय! मुख्य पंचानं यांच्याकडं बघितलं, आणि यांचा शब्द मानला. गावातली पोरं ओरडली, "सर, तो सवताच चाललाय की!" मग दुसरीकडं भाच्याची पकड झाली, तो मध्यरेषेवर हात टेकवून मोकळा झाला, तरी हे मान हलवत उभे. तिथं मात्र मुख्य पंच जवळ होता, त्यानं गुण दिला. माझ्या शेजारी बसलेली अंगणवाडीची बाई मला म्हणाली, "ताई, सर भाच्यावर खार खाऊन हायत का काय?" तिला काय सांगणार? मामाचं भाच्यावर किती प्रेम होतं ते मलाच माहीत. सकाळी स्वतः त्याच्या घोट्याला पट्टी बांधली होती. आणि त्याच प्रेमाची भीती आता त्या रेषेवर उभी होती.

शेवटची चढाई आली. आमचा संघ एका गुणानं मागं. भाचा चढाईला निघाला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. लोकांनी मोबाईल वर केले. समोर चौघे उरलेले. तो हळूहळू आत गेला, माझ्या बाजूच्या कोपऱ्याकडं. एक पोरगा त्याच्या पायावर झेपावला, ह्यानं पाय उचलला आणि उचलता उचलता त्याच्या पाठीला शिवला. दुसरा मधे आला, त्याच्या खांद्याला हात लागला. दोन गुण! आता फक्त परत यायचं. तो रेषेच्या कडेकडेनं पळाला, दोघं मागं. कबड्डीत रेषा आपलीच असते. पाय रेषेवर पडला तर चालतं, रेषेपलीकडच्या मातीला लागला की बाद. त्याचा डावा पाय रेषेवर पडला. फक्कीवर. मी वरून बघितलं, टाच फक्कीच्या आत, पलीकडं माती तशीच्या तशी. पण त्याआधीच, पाय टेकायच्या आधीच, यांचा हात वर गेलेला होता.

हे मी पुन्हा सांगते, कारण तेवढंच मला खात्रीनं माहीत आहे. पाय हवेत होता तेव्हाच हात वर गेला. तो पाय बाहेर पडणार याची वाट बघत हे उभे होते. इतक्या वर्षांत यांचा हात मी हजारदा बघितला असेल. तो नेहमी पायाच्या मागून यायचा. त्या दिवशी तो पुढं गेला.

शिट्टी वाजली. भाचा मध्यरेषेच्या पलीकडं जाऊन दोन्ही हात वर करून ओरडत होता. त्याला कळलंच नव्हतं. कुणीतरी त्याला सांगितलं. तो वळला आणि मामाकडं बघत राहिला. तक्रार करायची नव्हती, पाया पडलेला होता. शहरातल्या पोरांनी आपल्या प्रशिक्षकाला खांद्यावर घेतलं.

मी जिना उतरून धावत खाली गेले, ती पायाची खूण कुणी मोडायच्या आत यांना दाखवावी म्हणून. पण लोक आधीच मैदानात घुसले होते. रेषा कुठली आणि पाय कुठला, सगळा पांढरा चिखल. आणि ज्यांनी ज्यांनी मोबाईल वर धरले होते, त्यांतल्या एकातही तो क्षण नीट आला नाही. सगळे उभे राहिले, सगळ्यांच्या मोबाईलमधे पुढच्याच्या टाळक्याची मागची बाजू आणि आरडाओरडा. पुढं कितीतरी दिवस गावात ते व्हिडिओ फिरले. त्यात पाय सोडून सगळं दिसायचं.

संध्याकाळी निवडीची नावं माईकवरून वाचून दाखवली. हरलेल्या संघातलं एक पोरगं घेतलं. ते भाचा नव्हता.

घरी आल्यावर मी यांना म्हणाले, "त्याचा पाय रेषेवर व्हता. मी वरून बगितला."

"तुला वरून काय दिसतंय?"

"तुमच्यापरीस जास्त दिसतंय. पाय टेकायच्या आदीच तुमचा हात वर गेला."

"मी रेषेवर उभा व्हतो का तू?"

"कावून उभं राहिलात? त्या प्रशिक्षकानं तुमालाच कावून बोलावलं, ते कळलं न्हाई तुमाला? त्याला म्हाईत व्हतं, तुमी सवताच्या माणसाला कदी झुकतं माप देनार न्हाईत, उलट दाबून टाकताल. त्यानं तुमचा इमानदारपना वापरला."

हे उठून हातपाय धुवायला गेले. भाचा बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसला होता, घोट्याची पट्टी सोडत. त्यानं सगळं ऐकलं असणार. आमचं घर काही एवढं मोठं नाही.

नणंदेचा फोन आला. ती रडून रडून थकली आणि मग थंड आवाजात म्हणाली, "दादा, दुसऱ्याच्या लेकराला आसं केलं आसतंस का?" यांनी फोन माझ्या हातात दिला. त्या दिवाळीला ती भाऊबीजेला आली नाही. पाट मांडलेला होता, दिवसभर तसाच राहिला. मीच उचलून ठेवला.

मग यांना आतून काहीतरी खायला लागलं. शाळा सुटल्यावर घरी न येता हे कॉलेजच्या मैदानाकडं जायचे. कुणीतरी सांगितलं, सर एकटेच रेषेवर उभे राहतात, एक पाय टेकवून बघतात, मागं येतात, पुन्हा टेकवून बघतात. जेवण निम्म्यावर आलं. कुठल्याही स्पर्धेचं बोलावणं आलं की तब्येतीचं कारण सांगायचे. एकदा मी भाजी निवडत बसले असताना हे माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुला खरंच दिसला व्हता का पाय?" मी म्हणाले, "दिसला." ते गेले. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. पण मला बरंही वाटलं. वाटलं, आता हा माणूस खरं मान्य करेल, एकदा तरी म्हणेल की माझं चुकलं. त्यानं प्रमाणपत्र येणार नव्हतं, पण पोराला निदान कळलं असतं की तो बाद नव्हता.

भाचा चाकणला निघाला. तिथं एका कंपनीच्या गेटवर उभं राहायची नोकरी मिळाली होती, आमच्याच गावच्या कुणाच्या ओळखीनं. पिशवी भरून तो मामाच्या पाया पडायला आला. हे खुर्चीत बसलेले, गाल आत गेलेले. भाचा पाया पडून उठला नाही, तिथंच खाली बसला आणि म्हणाला, "मामा, एक सांगायचं व्हतं. त्या दिवशी माजी टाच बाहेर टेकली व्हती. मला कळलं व्हतं. तुमी बरुबर दिलं."

मी दारात उभी होते. हातात त्याच्यासाठी बांधलेल्या दशम्या. यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला किंचाळावंसं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माणूस हसला. "बग," मला म्हणाले, "बग, पोरगं सवता सांगायलंय." त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दुपारी पोटभर जेवले आणि झोपले ते चहाच्या वेळेला उठले.

स्टँडवर सोडायला मी गेले. गाडीची वाट बघताना त्याला विचारलं, "खोटं कावून बोललास?"

तो बूट घासत उभा राहिला. "मामांचं जेवण गेलतं मामी."

"आन तुजं गेलं ते?"

"माजं जाऊन झालं. आता त्यांचं कावून घालवायचं?"

गाडी आली, तो चढला. मला त्याचा अभिमान वाटायला पाहिजे होता. मला नुसती चीड आली. त्याची, त्याच्या मामाची, आणि त्या पाया पडण्याच्या रीतीची.

पोरानं मामाला जेवता यावं म्हणून जे दिलं, ते मामानं गावभर वाटलं. आधी शाळेत सांगितलं, मग पारावर, मग लग्नाच्या पंगतीत. प्रत्येक वेळी थोडं वाढत गेलं. पोरगं स्वतः कबूल झालं, इथून सुरुवात. मग पोरगं रडत कबूल झालं. मग पाय धरून माफी मागितली. मी एकदा लोकांसमोरच म्हणाले, "आसं काय झालं न्हाई." हे शांतपणे म्हणाले, "हिला अजून पटत न्हाई. मामीचा जीव हाय त्याच्यावर." सगळे हसले. मामीच्या जिवापुढं खुद्द पोराची कबुली होती, माझं कोण ऐकणार? दिंद्रुडला पण ते पोचलं. नणंदेला कुणीतरी टोमणा मारला, तुझंच पोरगं बाहेर गेलं होतं आणि तू भावाशी बोलणं सोडलंस. तिनं मला फोन करून विचारलं. मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यानं मला कावून आसंच सांगितलं, बाहेर गेला व्हता म्हनून?" पोरानं आईशी पण खोटंच चालवलं होतं. आता तो मागं घेणार तरी कसा?

हे मात्र मोठे झाले. ज्या माणसाला कालपर्यंत आईवरून शिव्या पडायच्या, त्याला आता लांबलांबून बोलावणं येऊ लागलं. भाच्याला बाद देणारा पंच. एवढं सांगितलं की दोन्ही संघ लगेच तयार. मी सामने बघायला जाणं सोडून दिलं. बायका विचारायच्या, ताई येत नाहीत आजकाल. मी सांगायचे, गुडघा दुखतो.

यंदा गावच्याच स्पर्धेत यांचा सत्कार ठेवला. न जाऊन चालणार नव्हतं. भाचा सुट्टीवर आलेला होता, तोच मला घेऊन गेला. अंगानं भरलाय, पोट सुटलंय, उभं राहून राहून पायाच्या नसा फुगल्यात. आम्ही दोघं खुर्च्यांच्या मागच्या रांगेत बसलो. माईकवरच्या माणसानं ती गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. त्यात आता एवढं सगळं मिसळलं होतं की मलाच क्षणभर शंका आली, मी तो पाय खरंच बघितला होता का. मी भाच्याकडं बघितलं. तो समोर मैदानाकडं बघत होता.

यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. हे माईकजवळ आले, दोन शब्द बोलले. मग म्हणाले, "आन तो भाचा आज हितंच बसलाय. त्याचा सत्कार माज्या आदी व्हायला पायजे. ऊट बाळा, ऊट. लोकांना बगू दे."

मी उठायला लागले. मला काय म्हणायचं होतं ते ओठावर होतं, आणि हातात माईक नसला तरी माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला असता. भाच्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं. "ऱ्हाऊ द्या मामी," म्हणाला, आणि स्वतः उभा राहिला.

सगळं मैदान त्याच्याकडं वळलं. याच मैदानावर त्याच्या चढाईला लोक टाळ्या वाजवायचे, तशाच त्यांनी आता तो बाद झाला म्हणून वाजवल्या. टाळ्या थांबेनात. त्यानं हात जोडले आणि चारी बाजूंना वळून, हसून, सगळ्यांना नमस्कार केला.